माठाजवळचा पासवर्ड

दुपारी घरात सगळं चिडीचूप असताना स्वयंपाकखोलीत गंज पडला. जर्मनचा, भात शिजवायचा, घरातला सगळ्यात मोठा. पडल्यावर तो बराच वेळ स्वतःभोवती फिरत राहिला आणि मग थांबला.

चटईवर झोपलेल्या मैनेने डोळे उघडले, आवाजाकडे मान वळवली आणि पुन्हा डोळे मिटले.

दारात सासूबाई उभ्या होत्या. गंज त्यांनीच पाडला होता.

"कान बरोबर हायेत," त्या म्हणाल्या, आणि गंज जागेवर ठेवून गल्लीच्या तोंडाशी असलेल्या आमच्या दुकानात परत गेल्या.

कान बरोबर आहेत हे गडचिरोलीच्या डॉक्टरांनी यंत्र लावून आधीच सांगितलं होतं. सासूबाईंचा यंत्रावर राग नव्हता. पण आलेला माल त्या स्वतः एकदा तपासून घेत. तेलाच्या डब्याला टिचकी मारून, तांदूळ दाताखाली फोडून, आणि नातीसाठी गंज पाडून.

मैनेला चौथं वर्ष लागलं होतं आणि ती बोलत नव्हती. मैना हे नाव आम्ही आधी ठेवलं होतं. बाकीचं नंतर कळलं. तिला सगळं समजायचं. "चप्पल आण" म्हटलं की चप्पल आणायची, तीही बरोबर ज्याची त्याची. हसायची मोठ्याने. हवं असलं की त्या वस्तूकडे हात करायची. आणि हात पुरता सरळ व्हायच्या आत ती वस्तू तिच्या हातात आलेली असायची.

त्याचं कारण आमचं दुकान होतं.

धानोऱ्याच्या रोडवर, बस थांबते तिथून चार पावलांवर, 'कमला किराणा आणि जनरल'. कमला म्हणजे सासूबाई. त्यांच्या दुकानात गिऱ्हाइकाला तोंड उघडावं लागत नाही. ट्रॅक्टर चालवणारा देवानंद पायरी चढला की त्याच्यासमोर निळी साबणवडी आणि फुटाण्याची पुडी येते. जंगलाकडच्या गावातून मोह, चारोळी घेऊन बुधरी येते, तर तिने टोपली खाली ठेवायच्या आत खडं मीठ आणि सुकी मिरची बांधून तयार असते. एखादा नवा माणूस आला, तर सासूबाई त्याच्याकडे नीट बघतात, म्हणजे पायांकडे, पिशवीकडे, ओठांकडे, आणि बहुतेक वेळा बरोबर तीच वस्तू काढतात. चुकल्या तर माणूस तीच घेऊन जातो. मी लग्न होऊन आले तेव्हा दिवसभर त्या दुकानात बसले आणि मला वाटलं आज कोणी मेलंबिलं आहे.

"गिऱ्हाइकाले मागा लागलं, त मंग आपुन बसलो कायले?" त्या म्हणायच्या.

यामागे काय आहे ते त्यांनी मला एकदाच सांगितलं, डाळ निवडता निवडता, कोणाच्या लग्नाचं सांगावं तसं. पोंभुर्ण्याकडच्या त्यांच्या गावात विहीर होती. त्या लहान असताना विहिरीपासून लांब गुंड, म्हणजे पाण्याची घागर, घेऊन उभं राहायचं आणि आवाज द्यायचा, ओ बाई, पाणी टाका ना. कोणी टाकायचं, कोणी नाही. मग पुन्हा आवाज द्यायचा.

"माह्या वाट्याचं सारं, सप्पा मागून झालं तेव्हाच," त्या म्हणाल्या, आणि डाळीतला खडा उचलून दाराबाहेर फेकला.

म्हणून आमच्या दुकानाच्या पायरीवर बारा महिने दोन माठ असतात आणि वर स्टीलचा गिलास. बाकी ठिकाणी गिलासाला साखळी असते. आमच्याकडे नाही. गिलास जातो, सासूबाई नवा ठेवतात. कोण कुठचा, ते विचारायचं नाही.

मैना या दुकानात रांगली. तिला काही मागायची वेळ कोणी येऊच दिली नाही.

चंद्रपूरच्या जया मॅडम बोलायला शिकवतात असं कळलं तेव्हा मी आणि मैनेचे बाबा तिला घेऊन गेलो. सकाळी निघून रात्री परत. मैना जाताना गडचिरोलीच्या आधी ओकली आणि येताना गडचिरोलीच्या नंतर. मॅडम म्हणाल्या, दर आठवड्याला यावं लागेल. मग मैनेच्या फ्रॉककडे बघून म्हणाल्या, "किंवा मग व्हिडिओवर करू. नेट आहे ना तुमच्याकडे?"

नेट आमच्याकडे होतं, म्हणजे यायचं आणि जायचं. मोबाईलवर मॅडमचं कपाळ दिसायचं, नंतर पुष्कळ वेळाने हनुवटी.

तेव्हाच विक्की वायर घेऊन आला. केबलवाल्या विक्कीने आता वायफाय द्यायला सुरुवात केली होती आणि रोडवरच्या दुकानांना तो स्वतः जाऊन समजावत होता.

"मावशी, मोठ्या शहरात मोठमोठ्या दुकानात गिऱ्हाइकाले फुकट वायफाय देते. मानूस दोन मिनिटासाठी येते अन् अर्धा तास राह्यते. राह्यला का घेते."

"माह्या इथी त तसाच राह्यते," सासूबाई म्हणाल्या. "हा देवानंद पाय, सकाळपासून बसून हाये. काय घेतलं त्यानं?"

"मले कायले मोजता काकी," तांदळाने भरलेल्या कट्ट्यावरून देवानंद म्हणाला. "मी त घरचाच हावो."

मी म्हटलं, "आई, मैनेसाठी घेऊ."

मग सासूबाईंनी पुढे काही विचारलं नाही.

विक्कीला ते यंत्र उंचावर लावायचं होतं, म्हणजे मागे घरापर्यंत पोचलं असतं. दुकानात उंच जागा एकच, समोरच्या भिंतीवर. तिथे तथागत आणि बाबासाहेबांचे फोटो आहेत. विक्की स्टूल घेऊन त्यांच्या वर खिळा ठोकायला लागला.

"उतर," सासूबाई म्हणाल्या.

"मावशी, मशीन हाय फक्त."

"मशीन असो का मंत्री. त्यायच्या वर काई लागणार नाई."

शेवटी ते खाली, तेलाच्या पिंपांच्या मधे बसलं. मागून पिंपं, पुढून उघडा रोड. त्यामुळे आमचं वायफाय घराकडे एक पाऊलही गेलं नाही. ते सरळ रोडवर गेलं, बसथांब्याच्या बाकापर्यंत पोचलं आणि डाव्या अंगाला कडुलिंबाखाली थोडं वळलं. म्हणजे मैनेची शिकवणी दुकानातच घ्यावी लागणार होती.

"आता पासवर्ड ठेवू," विक्की म्हणाला. "नाई त सारा धानोरा चालवन."

"पासवर्ड कायचा?"

"कुलूप समजा."

सासूबाईंनी त्याच्याकडे बघितलं. मग बाहेर माठांकडे बघितलं. "पान्याले कुलूप लावते का कोनी?"

"पानी नोहे ना मावशी हे!"

"लोकायले पाह्यजे हाये ना? आपल्या जवळ हाये ना? मंग?"

विक्की म्हणाला, मशीनला पासवर्ड तर ठेवावाच लागतो, नियमच आहे. सासूबाई म्हणाल्या, ठेव मग, आणि भिंतीवर लिही. पासवर्ड मैनेच्या नावाचा ठेवला, इंग्रजीत, सगळी लहान अक्षरं, पुढे एक दोन तीन चार. माठांच्या वर, जिथे 'पाणी प्या' लिहिलं होतं त्याच्या शेजारी, निळ्या रंगात तो लिहिला गेला. कुलूप लावून चाबी दारावर टांगायची ही गोष्ट विक्कीला पटली नाही. पण रंग त्यानेच आणून दिला.

आठवड्याभरात अख्ख्या धानोऱ्याच्या फोनमध्ये माझ्या मुलीचं नाव गेलं. तहसीलमध्ये कामाला आलेले लोक, बसची वाट बघणारे, कॉलेजच्या मुली, सगळे पायरीवर उभं राहून एकमेकांना सांगायचे, "मैना, मैना टाक ना, लहान एम." आणि जिचं नाव ती आत बसून त्यांच्या तोंडाकडे बघायची.

विक्कीचं म्हणणं खरं ठरलं. माणसं थांबायला लागली. कट्ट्यांवर, बाकावर, कडुलिंबाच्या डाव्या अंगाला. उजव्या अंगाला कोणी बसत नसे. देवानंद ट्रॅक्टर बरोबर हद्दीत लावून इंजिनावर बसून दुसरे लोक ट्रॅक्टर कसे चालवतात ते बघायचा. बुधरीजवळ फोन नव्हता. पण सगळे बसले आहेत म्हणून तीही बसायची. जास्त घ्यायचं तेवढं राहून गेलं. उलट सासूबाई बसलेल्यांना मुरमुरे द्यायला लागल्या, न मागता.

बुधवारी अकरा वाजता मैनेची शिकवणी असायची. मी मोबाईल साखरेच्या बरणीला टेकवून ठेवायची, मैना समोर पाटावर. जया मॅडम म्हणायच्या, "मैना, फूऽऽ कर. मेणबत्ती विझव." मैना त्यांच्याकडे बघायची. मागून देवानंद काडी पेटवून फूऽऽ करायचा. "प, प, प, म्हण," मॅडम म्हणायच्या, आणि कट्ट्यांवरून तीन-चार मोठी माणसं प, प, प म्हणायची. देवानंदचं उच्चारण फार सुधारलं. तंबाखूचा खर्रा तोंडात असताना त्याचा प येत नसे, म्हणून बुधवारी तो खर्रा थुंकून यायला लागला.

पण एवढ्या सगळ्यांच्या फोनांत मॅडमच्या वाट्याला नेट उरत नसे. त्या 'प' म्हणायला तोंड उघडायच्या आणि तशाच राहायच्या. तोंड उघडं, डोळे मोठे, हात वर. मैना मग त्यांचं बघून तसंच करायची. तोंड उघडायची आणि आवाज न काढता बसून राहायची. तिला वाटत असेल, शिकवायचं ते हेच.

एका बुधवारी तर काहीच लागलं नाही. विक्कीला बोलावलं. त्याने पिंपांच्या मधे हात घातला आणि बिस्किटाचा पत्र्याचा डबा बाहेर काढला. डब्यात यंत्र होतं, झाकण घट्ट लावलेलं, वायरीपुरती फट.

"उंदरायनं वायर कुरतडली असती," सासूबाई म्हणाल्या.

"मावशी, डब्यातून बाहेर येत नाई ते!"

सासूबाईंनी डबा हातात घेतला, विचार केला, आणि दाभणाने झाकणाला भोकं पाडून दिली. पिल्लांच्या पेटीला पाडतात तशी. विक्की त्या भोकांकडे बघत उभा राहिला. शेवटी यंत्र बाहेर राहिलं आणि उंदरांसाठी पिंजरा आला.

मोहाचे दिवस लागले तेव्हा मैना पहिला शब्द बोलली. मॅडमसमोर नाही. बुधरी उन्हातून आली, टोपली ठेवली, आणि माठातून गिलास भरून घेताना स्वतःशीच गोंडीत म्हणाली, "एर." एर म्हणजे पाणी. ती रोजच म्हणायची. त्या दिवशी मैना तिच्याजवळ गेली, गिलासात बोट घातलं आणि म्हणाली, "एर."

सासूबाईंच्या हातातला तराजू खालीवर होत राहिला. बुधरी हसली आणि पुन्हा म्हणाली, एर. मैना पुन्हा म्हणाली. असं माठातलं पाणी संपेपर्यंत चाललं.

मॅडमना सांगितलं तर त्या म्हणाल्या, "काय म्हणाली?"

मी सांगितलं.

"छान. कोणत्या भाषेतला ते नंतर बघू." मग त्यांनी मला विचारलं, "तिला वस्तू कोण देतं?"

"सगळे."

"ती मागायच्या आधी?"

"मागायला लागत नाही मॅडम आमच्याकडे."

तेवढ्यात नेट गेलं. परत आलं तेव्हा मॅडम सांगतच होत्या, की हातात घ्या, तिला दाखवा, आणि थांबा. देऊ नका. तिला गरज पडू द्या. मागू द्या, विचारू द्या. आणि तिने काही विचारलं, काहीही, की उत्तर लगेच द्यायचं. तिथे मात्र उशीर करायचा नाही.

सासूबाई बरणीच्या मागून ऐकत होत्या. मॅडमना त्या दिसत नव्हत्या.

"माही नात कोनाले मागनार नाई," त्या म्हणाल्या.

"कोण बोललं?" मॅडमनी विचारलं.

मी म्हटलं, गिऱ्हाईक आहे.

मॅडम वाईट नव्हत्या. पण त्याच दिवशी जाता जाता म्हणाल्या, "दामिनीताई, असं तुटत राहिलं तर माझाही वेळ जातो आणि तिचाही. पुढे जमत नसेल तर मी ही वेळ दुसऱ्या मुलाला देते. मग तुम्ही काही महिने चंद्रपूरला खोली घेऊन राहा, रोज घेईन तिला. तिचं वय निघून चाललंय."

चंद्रपूरला खोली म्हणजे मी आणि मैना. मैनेचे बाबा मालाची गाडी चालवतात, त्यांना इथेच राहावं लागणार. सासूबाई इथे. देवानंद, बुधरी, माठ, सगळं इथे. जिथे तिला एक शब्द सापडला होता ते सोडून, जिथे कोणीच आम्हाला ओळखत नाही तिथे तिला बोलायला न्यायचं होतं.

मी विक्कीला फोन केला आणि पासवर्ड बदलून घेतला. भिंतीवरचा तसाच राहू दिला. कोणाला सांगितलं नाही.

लोक आले. भिंतीवर बघून टाकलं. पुन्हा टाकलं. देवानंदने फोन सदऱ्याला पुसून टाकून बघितलं. मग त्याने फोन खिशात ठेवला, माझ्याकडे एकदा बघितलं, आणि "येतो काकी" म्हणून निघून गेला. ट्रॅक्टर कडुलिंबाखालून निघाला. बाक रिकामा झाला. मला वाटलं होतं, भांडतील, विचारतील, सासूबाई तरी विचारतील. कोणी काही विचारलं नाही.

बुधवारी मॅडम आरशासारख्या स्वच्छ दिसल्या. त्यांच्या कानातले खडे दिसत होते. मैना पाटावर बसली आणि दाराकडे बघत राहिली. फू नाही, प नाही. मॅडमनी पाण्याचा गिलास दाखवला, एर पण नाही.

"आज मागचे लोक नाहीत?" मॅडमनी विचारलं.

"नाहीत. आज नेट चांगलं आहे."

"हो, नेट चांगलं आहे," मॅडम म्हणाल्या. शिकवणी संपताना म्हणाल्या, "पुढचा बुधवार बघू. मग ठरवू."

दुपारी दुकानासमोर उन्हात सासूबाई आणि मी मोह वाळत घालत होतो. मैना माठाजवळ बसली होती.

"बुधरी आली होती," सासूबाई म्हणाल्या. "पानी न पेता गेली."

"काऊन?" मी विचारलं. 'का' म्हणायचं सोडून मीही आता तसंच बोलते.

"देवानंद तिले म्हने, तिथलं बंद झालं. तिले वाचता थोडी येते. तिले वाटलं पानी बी."

मी मोहावरचा हात थांबवला. "अहो, मग विचारायचं ना तिने!"

"आपल्या इथी कोन विचारते," सासूबाई म्हणाल्या.

त्यांच्या आवाजात राग नव्हता. मोहाची फुलं त्या एकेक करून पसरवत होत्या. मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "लोक दूर उभे राह्यले का मले गुंड दिसते."

मी उठले. विक्कीला फोन करून जुना पासवर्ड परत ठेवायला सांगितला. पण एवढ्याने भागणार नव्हतं, कारण परत तेच झालं असतं. मग मी चप्पल घातली आणि मैनेला कडेवर घेतलं.

देवानंदचं घर डेपोच्या मागे. तो अंगणात ट्रॅक्टर धूत होता. मला रस्त्यात बोलायचं सगळं पाठ झालं होतं आणि त्याच्यासमोर काहीच आठवलं नाही. या गावात आल्यापासून मी कोणाला काही मागितलंच नव्हतं.

"भाऊ," मी म्हटलं, "बुधवारी अकरा वाजता थोडा वेळ... तुमचा फोन बंद ठेवाल का?"

त्याने पाण्याचा पाइप बाजूला केला. "फोन?"

"मैनेच्या शिकवणीला नेट पुरत नाही. तुम्ही सगळे बसा. मी पासवर्ड परत ठेवला आहे. फक्त तेवढा वेळ."

"एवढंच?"

"एवढंच."

"मंग सांगाचं नाई का बाई पैलेच! मले वाटलं आमी प-प-प करतो ते तुमाले आवडत नाई." त्याने मैनेकडे बघितलं. "मी घरी बी करून राह्यलो होतो. बायको म्हने, येडा झाला."

त्याने मला आणखी कोणाकोणाला सांगायचं ते सांगितलं. मी एकेकाकडे गेले. पानठेल्यावर, शिलाईवाल्या रिनाकडे, बाकावरच्या पोरींकडे. प्रत्येकाने आधी म्हटलं, एवढंच? शेवटी शेवटी मला मागायला जमायला लागलं होतं. बुधरीला बाजारात गाठलं, मी तिला म्हटलं एर, आणि हाताने दाखवलं, ये. तिने टोपली उचलली आणि माझ्यासोबतच आली. पायरीवर दोन गिलास प्यायली.

सासूबाई गल्ल्यामागून सगळं बघत होत्या.

"मागून भेटलं?" त्यांनी विचारलं.

"भेटलं."

"हं." त्यांनी सुतळीचा तुकडा बोटाला गुंडाळला, सोडला. "काय म्हनली तू त्यायले? कसं म्हनली?"

मी त्यांना जसंच्या तसं म्हणून दाखवलं. त्यांनी ऐकून घेतलं, ओठ थोडे हलले, आणि त्या तेल मोजायला वळल्या.

बुधवारी साडेदहालाच दुकान भरलं. ज्यांना मी सांगितलं होतं ते आले, आणि ज्यांना नव्हतं सांगितलं तेही आले. फोन बंद ठेवायचा तर घरी बसूनही ठेवता आला असता, हे कोणाच्या लक्षात आलं नाही. कट्ट्यांवर जागा उरली नाही. देवानंदने स्वतःचा फोन बंद करून गल्ल्यावर ठेवला. मग सगळ्यांनी ठेवले. गल्ल्यावर फोनांची ओळ लागली, बाहेर चपलांची होती तशी. पासवर्ड भिंतीवर होता, आणि आज तो कोणी टाकत नव्हतं.

मॅडम आल्या. स्वच्छ दिसत होत्या. त्यांनाही आम्ही दिसलो असू, कारण त्या जरा मागे सरकल्या.

"नमस्कार," त्या म्हणाल्या.

"जयभीम," सगळे म्हणाले, आणि लगेच चूप झाले.

"आज आजी देणार पाणी," मॅडम म्हणाल्या. "आजी, गिलास हातात धरा. दाखवा. आणि थांबा."

सासूबाईंनी माठातून गिलास भरला. पाटासमोर खाली बसल्या. मैनेने हात पुढे केला.

सासूबाईंनी दिला नाही.

मैनेने हात आणखी लांब केला. पाणी काठावरून सासूबाईंच्या पातळावर सांडत होतं, पण गिलास जिथे होता तिथेच राहिला. त्यांच्या आयुष्यात कोणी हात पुढे केला आणि त्यांनी पाणी धरून ठेवलं, असं हे पहिल्यांदाच होत असावं. त्या मैनेकडे बघत नव्हत्या. माझ्याकडे बघत होत्या, हे मी तुझ्या सांगण्यावरून करते आहे, असं.

कोणी हललं नाही. देवानंदने गाल फुगवून ठेवले होते, प तिथेच अडकवून. बुधरीने तोंडावर पदर धरला होता. बाहेरून एक माणूस साबण घ्यायला आला, पायरीवर उभा राहिला, आत बघितलं, आणि काय चाललं आहे ते न कळता त्यानेही खिशातून फोन काढून बंद केला. मॅडम हलत नव्हत्या. मला वाटलं नेट गेलं. मग त्यांनी डोळे मिचकावले.

मैनेने हात मागे घेतला.

झालं, मी मनात म्हटलं. चंद्रपूर.

ती उभी राहिली. पाण्याकडे तिचं लक्षच नव्हतं आता. तिने आजीकडे बघितलं. मग देवानंदच्या गालांकडे. बुधरीकडे, रिनाकडे, गल्ल्यावरच्या काळ्या फोनांकडे, पायरीवरच्या त्या साबणवाल्याकडे. बरणीजवळच्या मॅडमकडे. एकेकाच्या तोंडाकडे नीट बघितलं, सासूबाई नव्या गिऱ्हाइकाकडे बघतात तसं. मग ती माझ्याजवळ आली आणि माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

"आई," ती म्हणाली, "सप्पा चूप काऊन?"

उत्तर लगेच द्यायचं, मॅडमनी बजावून ठेवलं होतं. सगळं दुकान माझ्याकडे वळलं. मी सांगायला तोंड उघडलं आणि तशीच राहिले, नेट गेल्यावर मॅडम राहायच्या तशी, तोंड उघडं, हात वर. मैना मान वाकडी करून माझ्याकडे बघत होती.

"काऊन?"